लघवी साफ होतेय म्हणजे किडनी चांगली?

"लघवी भरपूर होतेय ना, मग किडनी ठणठणीत" हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय आणि पटतोही पटकन. पण किडनी निम्मी कमजोर झाली तरी लघवी नेहमीएवढीच होऊ शकते, कारण पाणी बाहेर टाकणं वेगळं आणि रक्त गाळणं वेगळं. म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी गाळून बाहेर टाकते तो स्नायूंमधला कचरा) बघतात, पण नुसता तो आकडा बघून थांबू नका, ७५ वर्षांच्या आजींचं १.१ आलं तर बऱ्याच लॅबच्या रेंजमध्ये बसतं, आणि ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा क्रिएटिनिन, वय वगैरेंवरून काढलेला अंदाज) काढला तर येतो ५२च्या आसपास! तो तीन महिन्यांहून जास्त ६०च्या खाली राहिला तर डॉक्टरांना दाखवाच. सोबत लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशोची टेस्ट (लघवीतून प्रोटीन गळतंय का ते कळतं), रेशो ३० mg/gच्या आत हवा. शुगर-बीपीवाल्यांनी दोन्ही दरवर्षी करा, प्लीज.