भंगार विकण्याआधी शेजारच्या कार्यालयाला विचारा

(ग्रामपंचायती, नगरपरिषदा व शासकीय कार्यालयांतील आमच्या ग्राहकांसाठी. जुन्या मालाची मोजणी आणि यादी करून देणं हे आमचं काम.)

गावात नळयोजना आली की जुना हातपंप उपसून काढतात. त्याचे पाइप आणि सळया पंचायतीमागच्या गवतात पडून राहतात आणि दोन-तीन पावसाळ्यांनी किलोच्या भावाने लिलावात जातात. पण इंडिया मार्क 2 हातपंपाचा उपसा पाइप (पाणी वर आणणारा) सगळीकडे एकाच मापाचा असतो: 32 मिमी, लांबी 3 मीटर. (या पंपाची मूळ घडण आपल्याच सोलापूर पंपावरून आली.) तुमचा चांगला पाइप शेजारच्या तालुक्यातल्या चालू पंपात जसाच्या तसा बसतो.

चांगला कोणता, हे पाइपच्या टोकाच्या आट्यांवर (पेचांवर) कळतं. गंज आधी तिथेच धरतो. आमचा माणूस प्रत्येक पाइपवर नवं सॉकेट (दोन पाइप जोडणारा तुकडा) हाताने फिरवून बघतो. आटे गेलेला पाइप पंपात घालू नये, शाळेच्या कुंपणाला मात्र खुशाल वापरावा.

एक कळकळीची विनंती: निर्णय होईपर्यंत गॅस कटर लावू देऊ नका. एका कार्यालयात आम्ही पोहोचलो तेव्हा पथदिव्यांच्या खांबांचे चार-चार फुटांचे तुकडे झाले होते. त्याच महिन्यात पलीकडचं गाव नव्या खांबांसाठी दरपत्रकं मागवत होतं. फार वाईट वाटलं.

कागदपत्रांत घोळ होतो तो शब्दांचा. केंद्राचे 2017 चे सामान्य वित्तीय नियमही जादा, कालबाह्य आणि निरुपयोगी असे शब्द वेगवेगळे वापरतात. सगळ्या मालावर सरसकट ‘निरुपयोगी’ शेरा मारला की तो दुसऱ्या कार्यालयाला देण्याचा विषयच संपतो. म्हणून निर्लेखनाचा (माल नोंदीतून कमी करण्याचा) प्रस्ताव करण्याआधी आम्हाला बोलवा. आम्ही माल वेगळा करतो, मापं घेतो, वजन करतो आणि फोटोंसह यादी देतो. ती यादी आधी आसपासच्या कार्यालयांत फिरवा. कोणी माल मागितला तर दोन्हीकडच्या सक्षम अधिकाऱ्यांची लेखी मंजुरी, ताबा पावती आणि दोन्ही कार्यालयांच्या जडवस्तू नोंदवह्यांत (डेडस्टॉक रजिस्टरांत) नोंद, एवढं चोख हवं.

जुना माल पुन्हा वापरण्याचं काम रेल्वे मोठ्या प्रमाणावर करते. मुख्य मार्गावरून काढलेले चांगले रूळ सायडिंगला (बाजूच्या मार्गाला) टाकतात. झिजलेली चाकं आणि आस (अॅक्सल) बंगळुरूच्या येलहंका कारखान्यात वितळवून त्यांचीच नवी चाकं ओततात.

कोणालाच नको असलेला माल लिलावात जाऊ द्या, पण बीड (ओतीव लोखंड), लोखंड, पितळ आणि तांबं यांचे ढीग वेगळे ठेवून. एकत्र ढिगाला लोखंडाचाच भाव येतो. आम्ही स्वतः भंगार विकत घेत नाही आणि लिलावात बोलीही लावत नाही. आमचं शुल्क फक्त मोजणी आणि यादीचं.