नॅसवर लिनक्स टाकताना डबा मध्येच रीस्टार्ट होतो, त्यामागची पार्श्वभूमी

सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानात म्हणा, विश्रामबागेतल्या फोटो स्टुडिओत म्हणा, दोन डिस्कचा जुना नॅस (नेटवर्कवरून फाइली साठवायचा डबा) कुठंतरी पडलेला असतोच. कंपनीची अपडेट बंद झाली की त्यावर डेबियन हे मोफत लिनक्स टाकायचं कुणीतरी मनावर घेतं. इन्स्टॉलर निम्म्यावर आला की डबा बीप करतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

या उद्योगाची सुरुवात 2004 च्या लिंक्सिस एनएसएलयू2 सारख्या यंत्रांपासून धरता येईल. 32 एमबी रॅम, 8 एमबी फ्लॅश आणि स्क्रीन नाहीच. 2007 च्या डेबियन 4.0 मध्ये त्याला अधिकृत आधार मिळाला, इन्स्टॉलेशन एसएसएचवरून, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने.

खरी गुंतागुंत नंतरच्या मार्व्हेलच्या ओरायन आणि किर्कवुड चिपच्या पिढीत झाली. यातल्या बऱ्याच डब्यांत पंखा, बटण, बीप सांभाळायला वेगळा मायक्रोकंट्रोलर (छोटी सहायक चिप) असे. काहींत वॉचडॉगही, म्हणजे राखण करणारा टायमरही, त्याच्याकडेच. ठरावीक वेळात मुख्य प्रोसेसरकडून 'जिवंत आहे' असा निरोप आला नाही, की तो सरळ रीसेट मारतो. कंपनीचं फर्मवेअर हा निरोप देत राहतं, इन्स्टॉलरला त्याचा पत्ताच नसतो. कुरोबॉक्स प्रो या नॅससाठी तर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मायक्रो-ईव्हीटीडी हा छोटा प्रोग्राम मुद्दाम घालावा लागला.

वॉचडॉग बंद करायचा की निरोप देत ठेवायचा, यावर मात्र अजून एकमत नाही. बंद करणाऱ्यांचं म्हणणं, घरच्या डब्याला हे लोढणं कशाला? पण कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) 'नोवेआउट' हा पर्याय चालू असेल तर एकदा उघडलेला वॉचडॉग थांबतच नाही. हा पर्याय बंद असेल तर वॉचडॉगच्या डिव्हाइस फाइलमध्ये कॅपिटल 'व्ही' लिहून ती बंद केली की थांबतो. बूटलोडरने (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामने) आधीच सुरू केलेला वॉचडॉग नवे कर्नल स्वतः सांभाळू शकतात, पण त्या चिपचा ड्रायव्हर लोड झाला तरच. आमच्या मते इन्स्टॉलेशनपुरता तो बंद ठेवावा आणि नंतर सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) 'रनटाइमवॉचडॉगसेक' या सेटिंगने परत चालू करावा. शटर ओढून घरी गेल्यावर रात्री डबा अडकला, तर बटण दाबायला यार्डात जाणार कोण?

प्रत्येक रीस्टार्टचं खापर वॉचडॉगवर फोडू नये. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना 12 व्होल्टवर साधारण 2 अँपिअर ओढते. दोन डिस्क एकदम फिरल्या की दमलेल्या अडॅप्टरचा व्होल्टेज बसतो. पुरात भिजून वाळवलेला अडॅप्टर असेल तर बोलायलाच नको. दर वेळी तेवढ्याच मिनिटांनी रीस्टार्ट होत असेल तर संशय वॉचडॉगवर. डिस्कवर काम सुरू झालं की होत असेल तर आधी अडॅप्टर बदलून बघावा.

खात्री करायची तर सिरियल कन्सोल, म्हणजे डब्याचे संदेश तारेवरून संगणकावर वाचायची सोय. 3.3 व्होल्टची यूएसबी-टीटीएल केबल, वेग 115200, जोडायच्या तीनच तारा: टीएक्स, आरएक्स, ग्राउंड. व्होल्टेजची तार मोकळी सोडायची. शेवटी 'कर्नल पॅनिक' आणि 'रीबूटिंग इन' असं छापून आलं, तर दोष सॉफ्टवेअरकडे. काहीच न छापता एकदम यू-बूटचा, म्हणजे बूटलोडरचा, मजकूर उमटला, तर वॉचडॉग किंवा वीज.

2025 च्या डेबियन 13 मध्ये आर्मेलसाठी (किर्कवुडसारख्या जुन्या आर्म चिपवर चालणाऱ्या डेबियनसाठी) इन्स्टॉलरच नाही. किर्कवुडच्या डब्यांना त्यामुळे 12 वरच थांबावं लागतं.