रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी थांबवावी का?

‘पांढऱ्या पेशी ताब्यात आल्या की इमॅटिनिबची गोळी एक दिवसाआड घ्यावी, शरीराला विश्रांती मिळते’ हा सल्ला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना पुण्यात नातेवाइकांकडून अजूनही ऐकू येतो. तो चुकीचा आहे. या रोगात 9 आणि 22 क्रमांकांच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे जनुक तयार होते आणि त्याचे प्रथिन पेशींना वाढत राहण्याचा इशारा देत राहते; 2001 पासून वापरात असलेली ही गोळी तो इशारा रोखते, पण रोगाच्या मुळाशी असलेल्या सगळ्याच पेशी मारत नाही. म्हणूनच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) नॉर्मल असतानाही जनुकाचा सूक्ष्म अंश शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत ते जनुक सापडू शकते.

सदाशिव पेठेतल्या एका ओळखीच्या घरी दिनदर्शिकेवर रोजच्या गोळीची पेनाने खूण केलेली असते. कोऱ्या राहिलेल्या चौकटी डॉक्टरांना दाखवायला त्यांना संकोच वाटतो, पण दाखवायच्या त्याच असतात. गोळी जेवणासोबत, भांडेभर पाण्याबरोबर घ्यावी (चहाच्या घोटाबरोबर नव्हे), ग्रेपफ्रूट (संत्र्याच्या जातीचे फळ) टाळावे आणि काढे चालू असल्यास तेही सांगावे.

अनेक वर्षे खोल प्रतिसाद (पीसीआरमध्ये ते जनुक जवळजवळ न सापडणे) टिकलेल्या निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर थांबवून पाहतात, मात्र नियमित पीसीआरच्या देखरेखीखालीच, कारण त्यांच्यातील सुमारे निम्म्यांत रोग पुन्हा दिसू लागतो, बहुधा पहिल्या 6 महिन्यांत.