पार्श्वभूमी : श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहिलेला माणूस

ऑगस्ट लागला की जळगाव, अमळनेर, धुळे कुठेही जा, मधल्या सुट्टीनंतर एका तरी वर्गातून समूहगीताची तालीम ऐकू येते. आमच्या गल्लीमागच्या शाळेतही येते. बाई पेटी घेऊन बसतात. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. मग मुलांना खुणा करायच्या कशाने? भुवयांनी आणि हनुवटीने. मागच्या रांगेतल्या एखाद्याने आवाज फाडला की त्या वाजवता वाजवताच म्हणतात, "अरे भो, ओरडू नको, गा!"

यंदाच्या गाण्यात एक कडवं दोन आवाजांत आहे. पहिली रांग मूळ चाल गाते, दुसरीने खालची वेगळी ओळ धरायची. चार मात्रा झाल्या की दुसरी रांग हमखास पहिलीच्या चालीवर घसरते. यात मुलांचा दोष नाही. आपल्याकडे कान असाच घडलेला आहे.

खान्देशात एकत्र गाण्याला तोटा कधीच नव्हता. श्रावणात कानबाईपुढे बाया गातात, भादव्यात गुलाबाईची गाणी मुली म्हणतात, वहीगायनाच्या रात्री गावोगाव रंगतात. पण रीत एकच : एकाने उचलायचं, बाकीच्यांनी झील धरायची. चाल सगळ्यांची एक. साने गुरुजींनी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं. पुढे त्यांची 'खरा तो एकचि धर्म' शाळाशाळांतून म्हटली गेली, तीही एकाच सुरात. 1941 साली निघालेल्या राष्ट्र सेवा दलाची गाणी पावलांच्या तालावरची. तिथे दुसरा आवाज म्हणजे चुकलेला आवाज!

मग शाळेच्या समूहगीतात हा दुसरा आवाज शिरला कुठून? त्याचा माग काढत गेलं की वाट मद्रासला पोचते, संगीतकार एम. बी. श्रीनिवासन यांच्यापाशी.

त्यांचा जन्म 1925 चा. विद्यार्थिदशेतच ते डाव्या चळवळीत ओढले गेले आणि 1943 साली मुंबईत स्थापन झालेल्या 'इप्टा'शी, म्हणजे डाव्या विचारांच्या कलावंतांच्या नाट्यसंघटनेशी, जोडले गेले. त्यांची पत्नी झाहिदा ही स्वातंत्र्यसेनानी सैफुद्दीन किचलू यांची कन्या. तमिळ घरातला मुलगा, पंजाबातल्या मुस्लिम घरातली मुलगी. एकात्मतेची गाणी बसवणाऱ्या माणसाने ती आधी घरात बसवली होती म्हणायची. पोटासाठी सिनेमा होता. 1960 च्या एका तमिळ चित्रपटाचं संगीत त्यांचं. नोव्हेंबर 1961 मध्ये मद्रासच्या एका स्टुडिओत त्यांनी एकवीस वर्षांच्या एका नवख्या गायकाकडून केरळचे समाजसुधारक नारायण गुरू यांच्या चार ओळी गाऊन घेतल्या. जातिभेद नाही, धर्मद्वेष नाही, सारे भावासारखे राहतात असं हे ठिकाण, असा त्यांचा आशय. तो गायक म्हणजे येसुदास, आणि चित्रपटासाठी ध्वनिमुद्रित झालेलं ते त्याचं पहिलं गाणं. दक्षिणेतल्या सिने-वादकांची संघटना उभी करण्यातही श्रीनिवासन पुढे होते. वादकांचं मानधन आणि कामाचे तास हे त्यांना चालींइतकेच महत्त्वाचे वाटत.

वृंदगानात मात्र ते पहिले नव्हेत. संगीतकार सलील चौधरींनी मुंबईत 1958 मध्येच 'बॉम्बे यूथ कॉयर' हे गायकवृंद काढलं होतं, त्याच वर्षी कलकत्त्यात गायिका रुमा गुहा ठाकुरतांचं निघालं. श्रीनिवासन यांचं 'मद्रास यूथ कॉयर' सत्तरीच्या दशकाच्या तोंडाशी आलं. त्यांचं वेगळेपण दोन गोष्टींत होतं.

पहिली गोष्ट कानाची. चर्चमधल्या गायनासारखे स्वरांचे थर आपल्या चालीवर जसेच्या तसे चढवले, तर रागात नसलेले सूर आत घुसतात आणि ऐकणाऱ्याला गाणं बिघडल्यासारखं वाटतं. श्रीनिवासन चाल रागातली किंवा लोकगीतातलीच ठेवत आणि तिच्याभोवती दुसरी ओळ गुंफत, शेजारून चालणाऱ्या सोबत्यासारखी. तमिळ कवी भारतियारांच्या कविता, निरनिराळ्या भाषांतली गाणी त्यांनी अशी बसवली.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. त्यांना तयारीचे गवई नको होते. साधी नोकरदार माणसं, विद्यार्थी, मास्तर चालत. 1980 च्या दशकात एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षणसंस्थेने समूहगानाचा कार्यक्रम हाती घेतला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पद्धत सोपी : शिबिरात शिक्षकांनी अनेक भाषांतली गाणी शिकायची आणि आपापल्या शाळेत जाऊन मुलांना शिकवायची. मराठी शाळेतली मुलं अर्थ पुरता न कळताही तमिळ किंवा बंगाली गाणं तोंडपाठ म्हणायला लागली, ती या रिवाजातून. साने गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळ शिकले आणि पुढे आंतरभारतीचं, म्हणजे प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकण्याचं, स्वप्न पाहत राहिले. अमळनेरच्या वर्गात तमिळ ओळ ऐकली की मला आधी ते आठवतात, श्रीनिवासन नंतर.

त्या काळी श्रीनिवासन यांच्यासारखा गाणाऱ्यांसमोर, श्रोत्यांकडे पाठ करून, स्वतः एक सूरही न लावता नुसते हात हलवणारा माणूस आपल्याकडे नवलाचाच होता. आमच्या शाळेतही नव्हता. आमचे सर पेटीवर बसून स्वतःच सगळ्यांत मोठ्याने गात, आम्ही त्यांच्या मागून. स्पर्धेत परीक्षकांनी गुण बहुधा सरांनाच दिले असावेत.

मार्च 1988 मध्ये श्रीनिवासन लक्षद्वीपात वारले. केरळात त्यांच्या नावाचं गायकवृंद आजही गातं.

इकडे परवापासून बाईंनी तालमीत एक बदल केला आहे. पेटी नववीतल्या एका मुलीकडे दिली, षड्जासाठी मोबाइलवर तानपुरा लावून ठेवला आणि स्वतः मुलांसमोर उभ्या राहिल्या. आता दोन्ही हात मोकळे. डावा पहिल्या रांगेला, उजवा दुसरीला. काल दुसरी रांग सहा मात्रांपर्यंत टिकली.