चकचकीत इम्प्लांटला जंतू चिकटत नाहीत?

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला धातूचा कृत्रिम भाग. 'इम्प्लांट जितकं गुळगुळीत, तितकी जंतूंची भीती कमी' हा समज बरीच वर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धवट.

मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) मापाचे खड्डे जंतूंना आयता आडोसा देतात, कारण बहुतेक जंतू स्वतःच साधारण 1 मायक्रॉनचे असतात. पण म्हणून आरशासारखं पॉलिश केलं, तर हाडाला नीट पकड मिळत नाही. मधे तंतुमय ऊती वाढते आणि इम्प्लांट ढिलं पडू शकतं. (सांध्यात एकमेकांवर घासणारे भाग मात्र गुळगुळीतच हवेत.) शिवाय पॉलिश केलेल्या धातूवरही बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरतेच.

खरी गंमत नॅनो पातळीवर आहे. फ्लोराइडच्या द्रावात टायटॅनियम बुडवून वीजप्रवाह दिला, की ऑक्साइडच्या थरात उभ्या नळ्या तयार होतात, साधारण 15 ते 100 नॅनोमीटर व्यासाच्या (1 मायक्रॉन म्हणजे 1000 नॅनोमीटर). इतक्या बारीक भोकात जंतू शिरूच शकत नाही. हाडाच्या पेशीला मात्र तिथे आधार सापडतो, कारण तिची पकड घेणारी इंटिग्रिन प्रथिनं जेमतेम 10 नॅनोमीटरची.

सिकाडा किड्याच्या पंखावरचे नॅनोखांब स्यूडोमोनास जंतूचं आवरण फाडतात, हे 2012 मध्ये दिसलं. औषधाचा थेंबही नसताना! तसे खांब आता प्रयोगशाळेत टायटॅनियमवर घडवले जातात. जाड भिंतीच्या स्टॅफिलोकोकसवर त्यांचा जोर कमी चालतो, आणि इम्प्लांटच्या संसर्गात हाच जंतू सर्रास सापडतो. म्हणजे नॅनो पृष्ठभाग असला तरी शस्त्रक्रियेच्या वेळची अँटिबायोटिक्स सुटत नाहीत.