खिडकीच्या चौकटीभोवतीची फट बुजवणे

खिडकीची चौकट आणि तिला भिडलेला गिलावा यांच्यामध्ये घराच्या आतल्या बाजूने जी फट पडते, ती लवचीक भरावाने बंद करून तिची कड सरळ राखण्याच्या कामास फट बुजवणे म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत हे काम बहुधा रंगाऱ्याच्या वाट्याला येते, मात्र फटीचे मूळ सुतार आणि गवंडी यांच्या कामात असते.

लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल रेषांना आडव्या दिशेने जाणवण्याइतकी, तर लांबीच्या दिशेने नगण्य असते. गिलाव्याला अशी सवय नाही. त्यामुळे जांबोटी-कणकुंबीच्या मुसळधार पावसात घट्ट बसलेली सागवानी चौकट एप्रिल-मेमध्ये भिंतीपासून सुटू लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत ओलाव्याचा प्रश्न नसतो, पण उष्णतेने हा धातू काँक्रीटच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. सव्वा मीटर लांबीच्या पट्टीत 20 अंश सेल्सिअसच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडी अधिक वाढ होते. म्हणूनच सिमेंट, प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा सुताराचा भुसा-सरस यांनी भरलेली फट पहिल्याच वर्षी केसासारखी पुन्हा उघडते. जुन्या घरांत वापरली जाणारी लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल यांचे मिश्रण, तावदान बसवायला चांगली. चौकटीच्या कडेला मात्र तेल सुकले की तडकते.

भरावासाठी आज मुख्यतः अ‍ॅक्रेलिक आणि सिलिकॉन ही दोन सीलंट वापरली जातात. अ‍ॅक्रेलिकवर रंग बसतो आणि ओले असताना ते पाण्याने पुसता येते. सिलिकॉन अधिक लवचीक असले, तरी साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही, त्यामुळे दिवाणखान्यातील रंगीत भिंतीजवळ ते घालणे ही बहुतेक वेळा चूकच ठरते. सुमारे सहा मिलिमीटरपेक्षा रुंद फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात. तिच्यामुळे भराव तळाला न चिकटता दोन्ही कडांनाच चिकटतो आणि ताण पडल्यावर फाटत नाही.

प्रत्यक्ष कामात सैल गिलावा आणि जुनी पुट्टी खरवडून धूळ झाडणे हेच निम्मे काम असते. या वेळी फटीत मातीच्या बारीक वाटा दिसल्यास ती वाळवी असून, तिचा बंदोबस्त होईपर्यंत पुढे जाऊ नये. फटीच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवून सीलंटच्या नळकांड्याचे तोंड तिरके, फटीच्या रुंदीएवढे कापतात आणि नळकांडे दाबून भराव बाहेर काढणारी गन एकाच दाबाने, न थांबता ओढतात. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेले बोट एकदाच फिरवतात. दुसऱ्यांदा फिरवले की कडेला जाड ओघळ उठतो. टेप भराव ओला असतानाच तिरका ओढून काढावा, सुकल्यावर ओढल्यास कड फाटते.

हंगामाची निवड हा या भागात दुर्लक्षिला जाणारा मुद्दा आहे. पावसाळ्यात फट सर्वांत अरुंद असते, तेव्हा भरलेला भराव उन्हाळ्यात ताणून तुटतो; उन्हाळ्यात रुंद फट भरली तर पावसाळ्यात तो दाबून बाहेर फुगतो. दिवाळीनंतर भिंत वाळल्यावर, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, फट मधल्या मापाची असते.

गळती शोधण्यासाठी वाऱ्याच्या दिवशी पंखा बंद करून उदबत्ती चौकटीभोवती सावकाश फिरवतात. धूर जिथे वळतो तिथे वारा आत येतो. पण वारा आणि पाणी हे वेगळे प्रश्न आहेत. बाहेरच्या छज्ज्यातून किंवा खिडकीच्या खालच्या ओट्यावरून पाणी मुरत असेल, तर आतली फट बंद केल्याने ओल भिंतीतच अडकते आणि रंग फुगतो, म्हणून आधी बाहेरची बाजू दुरुस्त करावी लागते. तसेच काळ्या मातीवरील घरांत चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाणारी भेग बहुधा पाया हलल्याची खूण असते आणि सीलंटने ती केवळ झाकली जाते.