पर्यावरणासाठी हातमिळवणी आणि स्पर्धा कायदा : पार्श्वभूमी

२६ जुलै २००५ च्या पुरात नाले तुंबले, तेव्हापासून प्लास्टिकच्या पिशव्यांचा प्रश्न मुंबईकरांच्या मनातून गेलेला नाही. मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीत राज्य सरकारने दुधाच्या पिशव्यांना सूट दिली, मात्र रिकामी पिशवी परत घेण्याची किंमत, किमान ५० पैसे, पिशवीवर छापण्याची अट घातली. ही योजना एखाद्या डेअरीने एकट्याने चालवणे अवघड आहे, कारण नाक्यावरचा दूधवाला पाच डेअऱ्यांच्या ओशट पिशव्या वेगवेगळ्या निवडत बसणार नाही. सर्वांनी मिळून गोळा केल्या तरच हिशेब जमतो. पण प्रतिस्पर्ध्यांनी एका टेबलाभोवती बसायचे म्हटले की, कंपन्यांनी आपसांत संगनमत करू नये यासाठी असलेल्या स्पर्धा कायद्याचे लक्ष तिकडे जाते.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास युरोपातला आहे. तिथल्या वॉशिंग मशीन उत्पादकांनी सर्वाधिक वीज खाणारी यंत्रे बनवणे आणि आयात करणे एकत्रितपणे थांबवायचे ठरवले. ग्राहकाची निवड कमी होत असूनही, युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या युरोपीय आयोगाने १९९९ मध्ये त्याला त्या कायद्यातून सूट दिली, कारण यंत्राची वाढीव किंमत वीजबिलातून वसूल होणार होती आणि घटलेल्या प्रदूषणाचा लाभ समाजालाही मिळणार होता.

कपडे धुण्याच्या पावडरीची कथा याच्या अगदी उलट आहे, आणि माझ्या मते अधिक शिकवणारी. उद्योग संघटनेमार्फत सुरू झालेला उपक्रम चांगलाच होता : पावडर दाट करायची, खोके लहान करायचे, वेष्टन वाचवायचे. मात्र त्याच्या आडोशाने कंपन्यांनी खोके लहान झाले तरी किंमत उतरवायची नाही, असे आपसांत ठरवले. २०११ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि युनिलिव्हर यांना मिळून ३१.५२ कोटी युरोंचा दंड झाला; त्यांच्यातलीच पण आयोगाला माहिती देणारी हेन्केल ही कंपनी दंडातून सुटली. पुढे २०२१ मध्ये जर्मन मोटार कंपन्यांना ८७.५ कोटी युरोंचा दंड झाला. त्यात किंमत ठरवण्याचा आरोपच नव्हता. कायद्याने सांगितले त्याहून अधिक स्वच्छ धूर सोडण्याची स्पर्धा करायची नाही, एवढेच त्यांनी ठरवले होते.

या अनुभवांनंतर युरोपीय आयोगाने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत शाश्वततेसाठीच्या, म्हणजे पर्यावरण जपण्यासारख्या हेतूंच्या, करारांवर स्वतंत्र प्रकरण घातले. समाजाला होणारा लाभ त्यात मान्य आहे, पण ज्यांच्या खिशाला झळ बसते त्या ग्राहकांपर्यंत तो बऱ्याच अंशी पोहोचला पाहिजे, ही अट कायम आहे.

भारतात १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याची जागा २००२ च्या स्पर्धा कायद्याने घेतली आणि करारांविषयीच्या तरतुदी २० मे २००९ पासून लागू झाल्या. किंमत ठरवणारा किंवा उत्पादन आवरणारा प्रतिस्पर्ध्यांमधला करार कलम ३(३) नुसार हानिकारक गृहीत धरला जातो. कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला मात्र त्यातून वाट ठेवलेली आहे. कलम १९(३) मध्ये ग्राहकांचा लाभ, उत्पादनातील सुधारणा, तांत्रिक व आर्थिक प्रगती हे निकष आहेत; पर्यावरण हा शब्द त्यांत नाही, ही उणीव मला खटकते.

त्यामुळे डेअऱ्यांनी पिशव्या उचलण्यासाठी एकच टेम्पो लावला, तर तो संयुक्त उपक्रम म्हणून मांडता येईल. त्याच बैठकीत टेम्पोच्या खर्चापोटी लिटरमागे दूध किती रुपयांनी वाढवायचे हेही ठरले, तर तो करार सरळ कलम ३(३) मध्ये जाऊन पडतो.